घरटं धरायचं की नाही?

विणीच्या हंगामाआधी दरवर्षी समुद्रपक्षी मोजणाऱ्या मंडळाचा मेळावा भरायचा, आणि त्यात एक ठरलेला वाद व्हायचाच. पडद्यावर कड्याचा मोठा फोटो लागायचा, काठी एका कपारीवर टेकायची आणि प्रश्न यायचा, "हे घरटं धरायचं की नाही?"

किट्टीवेक हा कड्यांवर वीण घालणारा एक कुरव (गल). त्याचं घरटं म्हणजे चिखल, गवत आणि समुद्रशेवाळ थापून कड्याला चिकटवलेला वाडगा. अंडी राहतील इतकं ते नीट बांधलेलं हवं आणि तिथे निदान एक प्रौढ पक्षी हवा, तरच ते 'वापरातलं घरटं'. नुसत्या गवताच्या पुंजक्याची नोंद वेगळ्या रकान्यात. नियम एवढाच, पण अर्धवट बांधलेल्या घरट्याशेजारी पक्षी उभा दिसला की जुन्याजाणत्यांतही दोन तट पडायचे. बाकी कार्यक्रम गाळला तरी चालला असता, हा वाद नाही. जो तो आपल्या मनाने ठरवू लागला, तर यंदाचा आकडा मागच्या वर्षाच्या आकड्याशी ताडताच येत नाही.

गिलेमॉट हा समुद्रपक्षी घरटं बांधतच नाही, उघड्या कपारीवर एकुलतं अंडं घालतो. म्हणून तिथे पक्षीच मोजायचे, पाण्यावर तरंगणारे सोडून. नवखे लगेच या आकड्याला दोनाने भागायला निघायचे. पण जोडीतला एक कपारीवर असतो तेव्हा दुसरा बहुतेक वेळ समुद्रात असतो. त्यामुळे जोड्यांचा अंदाज साधारण ०.६७ ने गुणून काढतात. पहाटे आणि संध्याकाळी ये-जा फार असते, म्हणून ब्रिटनमधल्या रूढ पद्धतीत ही मोजणी १ ते २१ जून या काळात, सकाळी ८ ते दुपारी ४ च्या दरम्यान करतात. जोराचा वारा, पाऊस किंवा धुकं असेल त्या दिवशी मोजायचंच नाही.

मग सराव. सगळ्यांना एकच फोटो, हातात क्लिकर, म्हणजे दर दाबाला एक आकडा पुढे सरकवणारं मोजणीयंत्र. आधी एका टोकाकडून मोजायचं, मग उलट दिशेने. आकडे जुळले नाहीत की चूक बहुधा एकाच जागी सापडायची: कपारीच्या वळणावर नजर सरकते आणि एक गठ्ठा दोनदा मोजला जातो किंवा सुटतो. म्हणून आधी भेगा आणि विष्ठेचे पांढरे पट्टे यांच्या आधाराने कड्याचे तुकडे पाडायचे. नोंद पेन्सिलीनेच करायची, कारण दमट हवेत शाई पसरते. आणि पक्षी नसेल तर '०' लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे तिथे पाहिलंच नाही.

पिल्लांच्या नोंदीला जास्त चिकाटी लागते. फोटोवर घरट्यांना क्रमांक द्यायचे आणि शक्यतो आठवड्याला एक फेरी मारायची. शेवटच्या फेऱ्यांत अंतर वाढलं, की रिकाम्या घरट्यातलं पिल्लू उडालं की मेलं, हे कळायला मार्ग नाही. घरट्यावर घट्ट बसून राहिलेल्या पक्ष्याखाली काय आहे, हेही दिसत नाही. तिथे 'बसलेला' एवढंच लिहायचं, 'अंडं' नाही.

सुरयांच्या (टर्न पक्ष्यांच्या) वसाहतीबद्दल ज्येष्ठ मंडळी आवाज चढवूनच बोलायची. जवळ गेलं की सगळे सुरय एकदम उडतात, उघडी पडलेली अंडी उन्हात तापतात, आणि कुरव त्याच संधीची वाट बघत असतात. म्हणून मोजायचं दुरूनच, स्पॉटिंग स्कोपने, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीने. २०२२ च्या बर्ड फ्लूच्या साथीत ब्रिटनच्या किनाऱ्यांवर गॅनेट आणि ग्रेट स्कुआ हे समुद्रपक्षी मोठ्या संख्येने मेले. तेव्हापासून मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, ही सूचना सगळीकडेच सुरुवातीला येते.

हंगामानंतरचा मेळावा शांत. एकाने नोंदींचं पत्रक मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने संगणकात भरायचं, तिसऱ्याने पडताळायचं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या समुद्रपक्ष्यांची पहिली सर्वंकष गणना १९६९-७० मध्ये झाली, तीही मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या अशाच पत्रकांवर. कड्याचा भाग ढासळला असेल तर जुन्या फोटोवर तारीख घालून तो जपून ठेवायचा, नवा काढायचा, आणि उरलेल्या घरट्यांचे क्रमांक मात्र तेच ठेवायचे. क्रमांक सगळे नव्याने द्यावेत, अशी सूचना दरवर्षी कोणीतरी मांडायचं आणि दरवर्षी ती एकमताने फेटाळली जायची.