निंबोळी, निर्गुडी आणि चवळीवरचा मावा

मंडळी, चवळीवरचा मावा आटोक्यात येतोय. कुठला अर्क नेमकं काय करतो हे मला पाहायचं होतं, म्हणून यंदा तीन सऱ्या वेगळ्या ठेवल्या: एकीवर नुसतं साबणाचं पाणी, दुसरीवर निंबोळी अर्क, तिसरीवर निंबोळीत निर्गुडीचा काढा.

अर्काचं प्रमाण नेहमीचंच, ५ टक्के. म्हणजे ५ लिटरला २५० ग्रॅम निंबोळीची भरड. भरड रात्रभर गार पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची आणि १० ग्रॅम साबणाचा चुरा घालायचा. निंबोळी उकळू नका, तिच्यातलं अॅझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, उष्णतेनं जातं. उन्हातही ते टिकत नाही, म्हणून फवारणी संध्याकाळीच आणि अर्क त्याच दिवशी संपवायचा. निर्गुडीचा पाला ओढ्याकाठून आणला. तो मात्र उकळून, गार करून मिसळला.

साबणाच्या सरीतला मावा लगेच गळाला, पण आठवड्याच्या आत शेंडे पुन्हा भरले. निंबोळीच्या सरीत सुरुवातीला काहीच घडलं नाही असं वाटत होतं. भिंग लावलं तेव्हा चित्र वेगळं दिसलं: पिल्लं होती, पण बरीचशी अर्धवट कात टाकून तिथेच अडकलेली. निंबोळी किडीचं खाणं थांबवते, कात टाकणं बिघडवते. फवारल्यावर किडे पटापट पडण्याची वाट पाहणारे म्हणूनच तिला नावं ठेवतात. निकाल शेंड्याच्या नव्या पानांवर बघा.

आणि सगळ्यात आनंदाची गोष्ट: पानाखाली काही मावे फुगून तपकिरी, कागदासारखे झालेले सापडले, पाठीवर गोल भोक. परोपजीवी गांधीलमाशी आत वाढून बाहेर पडल्याची ही खूण. असे मावे दिसले की मी त्या वेलावर फवारा मारतच नाही.

निर्गुडीमुळे मावा जास्त कमी झाला असं म्हणवत नाही. पानं कुरतडणाऱ्या अळ्या मात्र त्या सरीत कमी दिसतात. पुढच्या हंगामात निर्गुडी एकटीच वापरून बघणार.

सीताफळाच्या बियांचा अर्कही करायचाय. कुणी करत असाल तर बिया कुटताना चष्मा लावाच, ती पूड डोळ्यांना गंभीर इजा करते. अर्कासाठी रुई तोडतानाही चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. मिरचीवर फुलकिडे आलेत, पानं वरच्या बाजूला वळताहेत. तिथे निंबोळीबरोबर काय चाललं ते सांगा.