मागे बसून बघायचंय, एवढंच तर सांगत होते!

शोरूमवाले गाडी चालवून बघायला देतात, मागे बसून बघायला देत नाहीत. माझा सगळा राग एवढ्याच गोष्टीवर आहे, आणि गाडी दारात येऊन बरेच महिने झाले तरी तो काही गेलेला नाही.

चालवणारे आम्ही दोघं, पण गाडी घ्यायची होती आईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. आम्ही मुलुंडला आणि तपासणी परळला. फार खाली बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. कर्ज, जुन्या गाडीची किंमत, इन्शुरन्स हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडकलो ते सीटपाशी.

आधी कागदावरचे आकडे. स्विफ्टची लांबी ३८६० मिलिमीटर, वॅगनआरची ३६५५. म्हणजे वॅगनआर २०० मिलिमीटरहून जास्त आखूड. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर बघा: २४५० आणि २४३५. फरक जेमतेम १५. माणसं बसतात ती या चाकांच्या मधल्या जागेत, बाकीची लांबी नाकात आणि शेपटीत जाते. त्यात वॅगनआरची उंची १६७५, स्विफ्टची १५२०. उंच गाडीत माणूस खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसतो, पाय पुढे पसरण्याऐवजी खाली सुटतात, म्हणून तेवढ्याच जागेत गुडघे मोकळे राहतात. याची किंमत रुंदीत मोजावी लागते. स्विफ्ट १७३५ रुंद, वॅगनआर १६२०. मागे तिघं मोठी माणसं बसली की हे ११५ मिलिमीटर खांद्याला कळतात.

आता शोरूम. नाव घेत नाही.

आम्हाला वॅगनआरचं मधलं व्हेरियंट, म्हणजे मधल्या किमतीचं मॉडेल घ्यायचं होतं. डिस्प्लेला टॉप मॉडेल, टेस्ट ड्राइव्हलाही टॉप मॉडेल. मी म्हटलं, जे घेणार त्याचीच मागची सीट आईंना दाखवायची आहे. तर तो मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, सीट सगळ्यांची सेमच असते." सेम नव्हती. टॉप मॉडेलला मागचे हेडरेस्ट वरखाली होत होते, माहितीपत्रकात मधल्याला ते सीटलाच जोडलेले दिसत होते.

मग सुरू झाला "उद्या"चा खेळ. मधलं मॉडेल यार्डात आहे. यार्डातून निघालंय. आलं होतं, पण दुसऱ्या शाखेला गेलं. साहेब रजेवर आहेत, चावी त्यांच्याकडे. दरम्यान रोज फोन, "मॅडम, ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे, टोकन तरी भरून ठेवा." गाडी न दाखवता टोकन मागायचं धाडस कुठून येतं देव जाणे. भाजीवालासुद्धा भेंडीचं टोक मोडून बघू देतो.

शेवटी टॉप मॉडेलवरच राइड घेऊ म्हटलं, निदान अंदाज येईल. आईंना घेऊन गेलो. पुढची सीट इतकी पुढे ओढून ठेवलेली की मागे हॉलच वाटावा. नवऱ्याची उंची पाच अकरा. त्याला म्हटलं, तू पुढे तुझ्या हिशोबाने सीट लाव, मग उतर आणि स्वतःच्याच मागे येऊन बस. ही चाचणी कुणीही करावी, फुकट आहे. त्याने सीट मागे घेतली, तेवढ्यात तो सेल्सचा मुलगा मागून येऊन पुन्हा पुढे सरकवून गेला! दोनदा. राइडला निघालो तर तो स्वतः पुढे बसला, म्हणजे नेहमी कोण कुठे बसणार ते बघायचा प्रश्नच मिटला. सीटवर प्लॅस्टिक तसंच, आईंची साडी घसरत होती आणि त्या दरवाज्याचा हँडल धरून बसलेल्या. रस्ताही त्यांनी निवडलेला, सपाट, सर्व्हिस रोडने एक फेरी आणि परत. आईंना धड टेकूही दिलं नाही. खड्डे? मुंबईत खड्डे नसलेला रस्ता शोधून काढायला वेगळीच हुशारी लागते.

आईच म्हणाल्या, "अगं, टॅक्सीत बसू की. ती काळीपिवळी हीच गाडी ना?"

खरंच की. परळच्या तपासणीनंतर आम्ही ठरवून वॅगनआरची काळीपिवळी पकडली. तेव्हा किमान भाडं ३१ रुपये होतं. दादर टीटीपर्यंत गेलो, खड्ड्यांसकट. आई आधी पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकल्या, मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले, कुणाचा हात न धरता. सीट कमरेच्या उंचीला आली की असं जमतं. उतरतानाही गुडघ्यावर जोर नाही. शोरूमने इतके दिवस न दाखवलेली गोष्ट टॅक्सीवाल्या काकांनी एका सिग्नलमध्ये दाखवली. टॅक्सी सीएनजीवर होती, त्यामुळे मागे सिलिंडर आणि बॅग मांडीवर. म्हणून आम्ही पेट्रोलच घेतली. कागदावर बूट, म्हणजे डिकी, ३४१ लिटर असलं तरी सिलिंडर बसल्यावर व्हीलचेअर किंवा वॉकर कुठे ठेवणार? टियागो, पंच, एक्स्टर या गाड्यांच्या सीएनजी मॉडेलांत दोन छोटे सिलिंडर बूटच्या तळाशी असतात, वर जागा उरते, हे बघण्यासारखं आहे.

हो, टेपपट्टी न्या. जमिनीपासून सीटची उंची मोजा आणि घरातल्या ज्या खुर्चीवरून म्हातारं माणूस सहज उठतं तिच्याशी ताडून बघा. मांडीखाली सीट किती लांब आहे तेही बघा. मांडी अर्धी अधांतरी राहिली की घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये कंबर बोलायला लागते. आमच्या गाडीत माझी नाही बोलत, नवऱ्याची थोडी बोलते, तो लांब आहे.

उंच गाडी घेणाऱ्यांनी आधी सोसायटीचं पार्किंग मोजावं. आमच्या शेजारच्या इमारतीत यांत्रिक पार्किंगच्या खालच्या खणावर उंचीची मर्यादा १५५० लिहिली आहे. तिथे वॅगनआर जाणार नाही.

मधलं मॉडेल शेवटी बघायला मिळालं ते ठाण्यातल्या दुसऱ्या शोरूममध्ये. आधी फोनवर विचारलं, कुठलं व्हेरियंट प्रत्यक्ष उभं आहे? "आहे" म्हणाले आणि होतं. मंगळवारी सकाळी गेलो, गर्दी नव्हती. आई अर्धा तास मागे बसून राहिल्या, वरून चहाही घेतला, कुणी उठवलं नाही. गाडी तिथूनच घेतली. पहिल्या शोरूमचे फोन त्यानंतरही येत होते. एकदा मी सांगितलं, "गाडी आली," तर म्हणाले, "मग सीट कव्हर तरी आमच्याकडून घ्या, मॅडम." नाही घेतले. साइड एअरबॅग सीटच्या बाजूतून उघडतात, त्यावर जाड कव्हर चढवलं तर ती अडकू शकते.