औषद गावला काय नाय अजून?

दरवर्षी गणपतीला वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी गेले की आरती आटोपून खळ्यात टेकायच्या आत शेजारच्या काकीचा प्रश्न येतो. "काय गो चेडवा, कॅन्सराचा औषद गावला काय नाय अजून?" जणू मीच ते कुठेतरी ठेवलंय आणि विसरलेय. तुम्ही विचारलंत ते जरा सभ्य शब्दांत: कॅन्सर आणि प्रतिकारशक्तीवर संशोधन करणारी माणसं दिवसभर नेमकं करतात काय, आणि इतकी वर्षं का लागतात? विचारलंत म्हणून सांगते. काकीला सांगून झालंय, तिला पटलेलं नाही.

माझ्या नावामागचं डॉक्टर पीएचडीचं. बीएससी, एमएससी, नेट, मग पीएचडीची सहा वर्षं. २०११ साली मी लागले तेव्हा जेआरएफचे, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांच्या सरकारी शिष्यवृत्तीचे, महिन्याला १६,००० मिळत, आता ३७,००० मिळतात. माझ्या वर्गातल्या मुली तोवर बँकेत लागून कायम झाल्या होत्या. आईनं एकदा हळूच विचारलं, "म्हणजे ही नोकरी नाय मां?" नव्हती.

आमचे आबा कॅन्सरला बांडगूळ म्हणत. आंब्यावर बसतं, रस पितं, झाड वाळवतं. उपमा झकास, पण चुकीची, आणि माझं सगळं काम त्या चुकीतच आहे. बांडगुळाचं पान वेगळं असतं. खाली उभा असलेला गडीसुद्धा ओळखतो आणि कोयत्यानं उतरवतो. कॅन्सर ही त्याच आंब्याची फांदी असते, पान तेच, साल तीच, फक्त वाढायचं थांबणं विसरलेली. आपल्या रक्तातल्या टी-पेशी गावच्या राखणदारासारख्या फिरत असतात. परका शिरला तर त्याला सोडत नाहीत, पण घरचाच माणूस बिघडला तर बिचकतात. त्यात कॅन्सरच्या पेशी एक लबाडी करतात. टी-पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाचं एक प्रथिन असतं, ते म्हणजे तिचा ब्रेक. आपल्याच शरीराची नासधूस होऊ नये म्हणून निसर्गानं तो दिलेला. गाठीतल्या पेशी नेमका तोच ब्रेक दाबून धरतात. राखणदार दारात उभा, पण हलत नाही.

हा ब्रेक सोडवणारी औषधं आज आहेत. म्हणजे काकीच्या प्रश्नाचं एक उत्तर "गावला" असंही आहे, फक्त सगळ्या कॅन्सरांना आणि सगळ्या माणसांना ते लागू पडत नाही. पीडी-१ सापडलं १९९२ साली, जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत. तेव्हा ते कॅन्सरचं औषध शोधत नव्हतेच, पेशी मरतात कशा याचं जनुक शोधत होते. त्यावरचं पहिलं औषध बाजारात यायला २०१४ उजाडलं. नोबेल २०१८ साली, अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांच्याबरोबर वाटून. त्यांनी सीटीएलए-४ हा दुसरा ब्रेक सोडवून दाखवला होता. मी काकीला म्हटलं, बावीस वर्षं लागली. "बावीस वर्सां! तवसर मी खंय आसतलंय?"

मधल्या वर्षांत काय होतं ते आता माझ्या बाजूनं सांगते.

पेशी ३७ अंशांवर, गुलाबी पाण्यात वाढतात. त्या खाऊनपिऊन आम्ल सोडू लागल्या की पाणी आधी नारिंगी आणि मग पिवळं होतं. ते वेळेवर बदलायचं, रविवार असो की दिवाळी. (देशातली पहिली टिश्यू कल्चर, म्हणजे अशा शरीराबाहेर पेशी वाढवायची, प्रयोगशाळा डॉ. कमल रणदिवे यांनी १९६०च्या दशकात मुंबईत उभी केली. त्यांचे गुरू डॉ. खानोलकर. खानोली आमच्या वेंगुर्ल्यात, म्हणून गावात हे आडनाव मी जरा मोठ्यानं घेते.) पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझा एक प्रयोग फारच सुंदर यायला लागला. टी-पेशी आणि कॅन्सरच्या पेशी एकत्र ठेवायच्या, वर आमचा एक रेणू घालायचा आणि किती मेल्या ते मोजायचं. भराभर मरत होत्या. आलेख बघून मी रात्री घरी फोन केला होता.

मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं तोच प्रयोग तिच्या पेशींवर करून पाहिला. काही नाही. पुन्हा केला, तरी काही नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, मायकोप्लाझ्मा बघितलास का? हा भिंत नसलेला जिवाणू. पेनिसिलिन भिंतीवर घाव घालतं, इथे भिंतच नाही. पाणी गढूळ होत नाही, वास येत नाही, पेशी जराशा मलूल दिसतात इतकंच. डीएनएला चिकटणारा निळा रंग टाकला आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशींची केंद्रकं गोल, निळी, झळझळीत. त्यांच्या भोवतीच्या काळोखात, जिथे काहीच असायला नको तिथे, बारीक बारीक ठिपके. अमावास्येच्या रात्री किनाऱ्यावरून लांबच्या होड्यांचे दिवे दिसतात तसे. दिसायला इतकं देखणं, की क्षणभर मी नुसती बघत राहिले.

पेशी आधीच आजारी होत्या. माझ्या रेणूनं काहीच केलं नव्हतं. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या कुप्याही तपासल्या, त्यांतही तेच. आठ महिन्यांचं काम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या मोठ्या कुकरमध्ये, गेलं. तेव्हा रडले नाही. दुसऱ्या दिवशी दादरला चुकीच्या लोकलमध्ये चढले आणि तिथे रडले. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी पेशी तपासते आणि फार सुंदर आलेख आला की आधी संशय घेते. या धंद्यात शिकलेली एवढी एकच गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते.

एकदा एका भाच्यानं विचारलं, तुला सगळ्यात आवडलेलं संशोधन कुठलं? त्याला होंजो अपेक्षित होते. मी टाटा मेमोरियलचं सांगितलं. ब्रेक सोडवणाऱ्या निवोलुमॅब या औषधाचा रूढ डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. किंमत अशी, की आमच्याकडे बाग विकावी लागेल. टाटाच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेचा कॅन्सर हाताबाहेर गेलेल्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना स्वस्तातली नेहमीची तोंडी औषधं, निम्म्यांना त्यांच्याच जोडीला तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षभरानंतर जिवंत होते पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४. नवा रेणू नाही, काही नाही. महागातली वस्तू किती कमी पुरते एवढंच कुणीतरी नीट मोजून पाहिलं. नारळाची करवंटीसुद्धा न टाकणाऱ्या मुलखातली मी, मला हे आवडणारच.

भाच्याला हे फारसं थोर वाटलं नाही. काकी मात्र कान देऊन ऐकत होती, कारण डोक्या-मानेचा म्हणजे तोंडाचाही, हे तिला कळलं. काकी मशेरी लावते. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांवर घासायची. चाळीस वर्षं. माझ्या प्रयोगशाळेतून पुढच्या बावीस वर्षांत जे काही निघेल, त्याहून ती डबी फेकली तर काकीचा जास्त फायदा आहे. हे मी तिला दरवर्षी सांगते आणि ती दरवर्षी मला आणखी एक मोदक वाढते.

या वेळी मात्र आपणहून म्हणाली, "बघ तर." मोबाइलचा टॉर्च लावला, चमच्यानं गाल बाजूला केला. मी पेशी बघणारी बाई, तोंडं तपासणारी नव्हे. तरी डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेपाशी, बोटाच्या नखाएवढा पांढरा चट्टा दिसला. पुसून गेला नाही. सावंतवाडीला जाऊन डॉक्टरांना दाखव म्हटलं. "गणपती झाले काय जातंय."

गणपती होऊन तीन आठवडे झाले. काल फोन केला तर भात कापणीला आलाय म्हणाली. शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय, मीच घेऊन जाते.