चौदा वाक्यांचं बिल

प्रशिक्षणाच्या व्हिडिओंसाठी माझ्या आवाजात नॅरेशन होतं. स्क्रिप्ट २,४०० शब्दांची, म्हणजे मिनिटाला १५० शब्दांच्या वेगानं १६ मिनिटं. फाइली पाठवल्या, मंजुरीची मेल आली, बिल गेलं. आठवड्यानं क्लायंटकडून १४ वाक्यं परत आली. ‘एवढी बदलून द्या, जेमतेम दीड मिनिटाचं काम आहे.’

पिकअप, म्हणजे नंतर पुन्हा रेकॉर्ड केलेलं वाक्य, जुन्या आवाजात बेमालूम बसावा लागतो. जुनं सेशन, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची मूळ फाइल, उघडून त्या वाक्याच्या मागचं-पुढचं हेडफोनवर ऐकायचं. माइक तोच, गेन (माइकच्या आवाजाची पातळी) तोच, तोंडापासूनचं अंतर तेच; त्यासाठी पहिल्याच दिवशी मी वीत मोजून ठेवते आणि स्टँडच्या पायांशी जमिनीवर टेप लावते. मूळ रेकॉर्डिंग दुपारचं असेल तर पिकअप सकाळी उठल्या उठल्या करू नये, आवाज जड असतो आणि सांधा लगेच कळतो. नुसतं बदललेलं वाक्य वाचलं की सूर वर लागतो. म्हणून आधीच्या वाक्यापासून वाचत यायचं आणि तेवढं कापायचं. सांध्यात रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, भरायचा, नाहीतर मध्येच पोकळी ऐकू येते. मग प्रत्येक फाइल पहिल्यापासून ऐकून, मूळच्याच ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये, नव्या आवृत्तीचा क्रमांक लावून पाठवायची. सव्वातीन तास गेले.

याचं वेगळं बिल लावलं आणि अडलं. माझ्याच कोटेशनमध्ये ओळ होती : ‘दुरुस्त्यांची एक फेरी समाविष्ट.’ अकाउंट्सनं तीच पुढे केली. शब्दांवर बोट ठेवलं तर त्यांचं बरोबर होतं, आणि तेच डाचतंय. प्रॉडक्शनच्या माणसाला दुरुस्ती आणि नवा मजकूर यातला फरक पक्का ठाऊक होता, पण तो गप्प बसला. काम मंजूर करणारा एक आणि पैसे सोडणारा दुसरा, हे नेहमीचंच. त्या दुसऱ्यानं रेकॉर्डिंग ऐकलेलं नसतं.

मग मंजूर स्क्रिप्ट आणि नवी स्क्रिप्ट शेजारी ठेवून वाक्यं वेगळी केली. ९ वाक्यांत मजकूरच बदलला होता. ३ माझ्या चुका : दोनदा शब्द गिळला गेला, एकदा ‘पंधरा’चं ‘पन्नास’ झालं. २ वाक्यांत उत्पादनाच्या नावाचा उच्चार चुकला होता.

बिल नव्यानं केलं. वर मूळ बिलाचा क्रमांक, पीओ (खरेदी आदेश) नंबर, मंजुरीच्या मेलची तारीख. पहिली ओळ : मंजुरीनंतर बदललेला मजकूर, ९ वाक्यं, किमान सेशन दर, म्हणजे रेकॉर्डिंगला एकदा बसण्याचा कमीत कमी दर. पिकअपला मिनिटाचा दर लावूच नये. माइक लावण्यापासून फाइल तपासण्यापर्यंतचा वेळ एका वाक्यालाही लागतो. दुसरी ओळ : वाचनातल्या चुका, ३ वाक्यं, रक्कम शून्य. ही शून्याची ओळ लिहायचीच. ती नसेल तर आपण काय फुकट केलं आणि कशाचे पैसे मागतोय, हे अकाउंट्सला कळायला मार्गच नाही. या बिलाचे पैसे पूर्ण आले.

कोटेशनमध्ये आता असं लिहिते : ‘वाचनातल्या चुका केव्हाही विनामूल्य. मंजूर मजकूर तोच ठेवून सूर आणि वेग यांत बदलाची एक फेरी समाविष्ट, फाइली मिळाल्यापासून ७ दिवसांत. मजकूर बदलल्यास किमान सेशन दर.’

उच्चाराच्या त्या २ वाक्यांपुढेही मी शून्यच लिहिलं. नावाचा उच्चार त्यांनी स्क्रिप्टसोबत दिला नव्हता, आणि रेकॉर्डिंगआधी मीही विचारला नव्हता. ती कोणत्या ओळीत जायला हवी होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.