सगळे पक्ष सारखेच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. निवडणुकीचे हिशेब मी हौसेने वाचते हे कळलं की प्रश्न ठरलेला: "पैशाच्या बाबतीत सगळे पक्ष सारखेच ना?" नाहीत. पण फरक बघायचा तर उमेदवाराचं खर्चपत्रक बाजूला ठेवा. लोकसभेला मोठ्या राज्यांत ९५ लाखांची मर्यादा आहे, विधानसभेला ४० लाखांची. खुर्ची, मंडप, चहा यांचे दर प्रशासनच ठरवून देतं आणि खर्च निरीक्षक स्वतःच्या नोंदींशी ते पत्रक ताडून पाहतात. पक्षाला मात्र मर्यादाच नाही. १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरला, तर त्याच वर्षी कायदा बदलून तो वगळला गेला. २००३ मध्ये ही सूट आवळली, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही कमाल आकडा नाही. याची मला अजूनही चीड येते.

खरी तुलना जमेच्या बाजूला आहे. निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला नाव जाहीर न करता देता येणारी देणगीपत्रं, आले २०१८ मध्ये. एप्रिल २०१९ ते जानेवारी २०२४ या काळात भाजपने सुमारे ६,०६० कोटींचे रोखे वटवले. ते अपेक्षित होतं. मी थबकले ते पुढच्या ओळींवर. तृणमूल १,६०९ कोटी, देशभर लढणारी काँग्रेस १,४२१ कोटी आणि तेव्हा बहुतेक काळ एकट्या तेलंगणात सत्तेवर असलेली भारत राष्ट्र समिती १,२१४ कोटी! मला यातून एवढंच दिसतं की देणगीदार विचारसरणी पाहत नाही, सही कोणाच्या हातात आहे ते पाहतो.

मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतलेच नाहीत, उलट त्यांविरुद्ध न्यायालयात गेला. त्याच्या बाकीच्या धोरणांशी माझं जमत नाही, पण याबद्दल मनापासून आदर आहे. १५ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली.

एक वाट अजून उघडी आहे. २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावं लागत नाही. डबा फिरवून जमवलेल्या दहा-दहाच्या नोटा आणि तुकडे पाडून आणलेली मोठी रक्कम, अहवालात दोन्ही निनावीच. त्यामुळे एखाद्या पक्षाचा निनावी वाटा मोठा दिसला, तरी तेवढ्यावरून मी त्याला चोर म्हणत नाही. त्या पक्षाचे कार्यकर्ते दारोदार डबा घेऊन फिरताना कोणी पाहिलेत का, ते आधी विचारते.