नोकरी सोडायला नको होती का?

भिशीत, पुतणीच्या होस्टेलवर, एकदा तर चोपड्याला लग्नाच्या आदल्या रात्री हळदीचे हात धुऊन झाल्यावर, असा कुठेकुठे मी लॅपटॉप उघडून हा एकच सिनेमा लावलाय. सत्यजित राय यांचा 'महानगर'. १९६३ चा, काळापांढरा, बंगाली. संपला की कुणी ना कुणी विचारतंच, "काय हो ताई, नवरा आधीच घरी बसलेला, त्यात हिनेही राजीनामा दिला. द्यायला नको होता ना?" गेल्या आठवड्यात पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. पन्नाशीच्या दशकातलं कलकत्ता. दोन खोल्यांत आरती, तिचा नवरा सुब्रत, सासू, सासरे, लहानगा मुलगा आणि शाळकरी नणंद. (नणंद म्हणजे जया भादुरी, तिचा पहिला सिनेमा.) सुब्रत बँकेत कारकून, पगार पुरत नाही, म्हणून आरती नोकरीला लागते. काम काय, तर घरोघर जाऊन विणकामाची मशिनं विकायची. निवृत्त मास्तर असलेले सासरे तिच्याशी बोलणं टाकतात आणि मोठ्या झालेल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या दारात मदत मागत हिंडतात. सुनेच्या कमाईचा चष्मा नको, विद्यार्थ्याकडून फुकट मिळालेला चालतो! हे सासरे मी आमच्या भागात इतके पाहिलेत की त्यांच्यावर राग धरणंही आता जमत नाही.

सुब्रतची बँक बुडते तेव्हा मात्र आमच्याकडे खोली चिडीचूप होते. दारात ठेवीदारांची झुंबड उडालेली असते आणि लोक त्याच्या अंगावर धावून जातात. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थेत पैसे अडकलेलं घर शोधायला लांब जावं लागत नाही. बँकेतल्या ठेवींना १९६२ पासून विम्याचं कवच आलं, पतसंस्थांना ते आजही नाही. त्या प्रसंगाला एक काकू भिशीतून उठून पाणी प्यायला गेल्या, त्या सिनेमा संपेपर्यंत आल्याच नाहीत.

आता राजीनाम्याकडे येते. आरतीबरोबर एडिथ नावाची अँग्लो-इंडियन मुलगी काम करते. आरतीला पहिली लिपस्टिक देणारी तीच. एडिथ आजारी पडून काही दिवस येत नाही आणि साहेब तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिला काढून टाकतात. गंमत अशी की हेच साहेब सुब्रतशी गाववाला म्हणून मोठ्या प्रेमाने बोलतात, नोकरीचं बघू म्हणतात. माणूस वाईट नाही हो. त्याला 'आपले' आणि 'ते' एवढंच कळतं. आरती त्यांना एडिथची माफी मागायला सांगते, ते मागत नाहीत, ती राजीनामा ठेवते.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही तो वेडेपणा वाटला होता. एडिथची नोकरी काही परत मिळाली नाही, मग उपयोग काय? तेव्हा मी मुंबईत एका खासगी ऑफिसात होते. आमचे साहेब धुळ्याकडचे. माझं गाव भुसावळ कळल्यावर चारचौघांत म्हणाले होते, "आपली खान्देशनी पोर शे." माझी अहिराणी यथातथाच, पण त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं निवांत काढली. रजा मागितली की मिळायची.

माझ्या शेजारी मंगळुरूकडची एक मुलगी बसायची. तिचं काम माझ्यापेक्षा चोख. रात्री तिला सोडायला कुणीतरी मोटारसायकलवर येतो, एवढ्यावरून कुजबुज सुरू झाली आणि एका सोमवारी ती आलीच नाही. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुला काय वाटतं तिच्याबद्दल?" मोटारसायकलवाला तिचा सख्खा भाऊ आहे हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "मला काही कल्पना नाही, सर." तिचं टेबल खिडकीजवळ, बरोब्बर पंख्याखाली होतं. पुढच्या आठवड्यात ते मला मिळालं.

म्हणून मला विचाराल तर राजीनामा द्यायलाच हवा होता. एडिथच्या उपयोगाचा हिशेब मी आता करत नाही. शेवटी जिन्याखाली आरती रडते, आता काय खायचं याने ती घाबरलेली असते. सुब्रत तिला रागवत नाही. पोटापाण्यापायी आपण भित्रे झालो, तू नाही झालीस, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलतो. एवढं मोठं शहर आहे, दोघांपैकी एकाला तरी काम मिळेल, असं म्हणत दोघं गर्दीत मिसळतात. वर रस्त्याचा दिवा दिसतो, त्याचा एकच बल्ब लागलेला असतो. मला तो बल्ब पाहिला की पंखा आठवतो.

आणि हाच सिनेमा का, याचं दुसरं कारण आई. आमच्या घरी विणकामाचं मशीन होतं! भुसावळात, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तिथे आई स्वेटर विणायची. लोक हसायचे. डिसेंबरात तेच लोक मफलर मागायला यायचे. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तेव्हा थोडी अँग्लो-इंडियन कुटुंबं उरली होती, ती आईची खरी गिऱ्हाइकं. त्यांच्याकडे स्वेटर पोचवायला मी जायचे आणि केकचा तुकडा घेऊन यायचे. आजी तो केक घरात येऊ द्यायची नाही. आई आणि मी मागच्या पायरीवर बसून खायचो, हावडा मेल गेली की उठायचो.

दोन वर्षांपूर्वी आईला हा सिनेमा दाखवला. मशीन विकायचा प्रसंग आल्यावर म्हणाली, "असं नाही दाखवत. आधी लोकर हातात द्यायची, मग मशीन." बाकी सगळा गप्प बसून पाहिला. शेवटी तिने फक्त एवढंच विचारलं, "त्या एडिथला कळलं का गं, हिने तिच्यासाठी नोकरी सोडली ते?"

म्हटलं, "तसं काही दाखवलेलं नाही."

"बरं झालं," म्हणाली आणि मेथी निवडायला घेतली.

त्या टेबलाची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. वहिनी तिला हे फोनवर वाचून दाखवेल, तेव्हा कळेलच.