जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलावा का?

माझ्या डेस्कटॉपमध्ये २०१३ साली बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय५-४५७० हा प्रोसेसर आहे. त्याच सॉकेटमध्ये (मदरबोर्डावरील प्रोसेसरच्या खाचेत) बसणारा कोअर आय७-४७९० जुन्या सुट्या भागांच्या बाजारात सहज मिळतो, आणि म्हणून तो घेऊन टाकावा असा विचार बरेच दिवस मनात घोळत होता. घेण्यापूर्वी थोडी मोजदाद केली. तिच्यातून जो निर्णय निघाला तो आणि त्यामागची कारणे येथे मांडत आहे.

संगणक मंद वाटतो तेव्हा तो नेमका कशासाठी खोळंबला आहे, हे आधी पाहावे लागते. ब्राउझरमध्ये बऱ्याच टॅब उघडून टास्क मॅनेजर पाहिला, तर माझी ८ जीबी रॅम जवळजवळ भरलेली होती आणि प्रोसेसर मात्र निवांत होता. अशा वेळी कितीही वेगवान प्रोसेसर बसवला तरी काडीचा फरक पडणार नाही. स्प्रेडशीटमधील मोठी आकडेमोड चालू असताना प्रोसेसरचा वापर २५ टक्क्यांच्या आसपास दिसत होता, आणि हा आकडा फसवा आहे. चार कोअरच्या (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चार भागांच्या) प्रोसेसरवर २५ टक्के याचा अर्थ बहुधा असा की, काम एकाच थ्रेडवर (सूचनांच्या एकाच सलग मालिकेत) चालले आहे आणि एक कोअर पूर्ण क्षमतेने राबत असताना उरलेल्या तिघांना करण्यासारखे काही नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ते काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहते, त्यामुळे चारही आलेख थोडे थोडे वर उचललेले दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की, प्रोसेसरवर फारसा भार नाही. चारही कोअर खरोखर शंभर टक्के भरले ते फक्त कॅमेऱ्यातील रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फायलींचे जेपेगमध्ये रूपांतर करताना.

आता आय७-४७९० मुळे काय मिळाले असते ते पाहू. दोन्ही प्रोसेसर एकाच पिढीतले, दोन्ही चार कोअरचे आणि दोन्हींची उष्णतेची मर्यादा ८४ वॅट. कमाल वेग ३.६ वरून ४.० गिगाहर्ट्झ होतो, म्हणजे एका थ्रेडवरच्या कामात सुमारे ११ टक्क्यांची भर पडते, आणि कॅश (प्रोसेसरमधली जलद स्मृती) ६ एमबीची ८ एमबी होते. मोठा फरक हायपरथ्रेडिंगचा, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याच्या सोयीचा, कारण चार कोअरवर आठ थ्रेड चालतात. परंतु त्यामुळे एका कोअरचे दोन कोअर होत नाहीत. पाव हिस्सा जास्तीचे काम निघाले तरी ते चांगलेच समजावे. हा सगळा हिशेब जमेस धरला, तर रॉ फायलींचे जे काम आज दहा मिनिटे घेते ते सातएक मिनिटांत होईल, आणि स्प्रेडशीटमधला फरक घड्याळ लावून पाहिला तरच कळेल.

तरीही हा फायदा मी पदरात पाडून घेतला असता, पण खरी मर्यादा प्रोसेसरची नसून मदरबोर्डची आहे. माझा बोर्ड एच८१ चिपसेटचा (बोर्डावरील नियंत्रक चिपचा प्रकार) आहे. त्यावर डीडीआर३ या जुन्या प्रकारची रॅमच चालते, तीही जास्तीत जास्त १६ जीबी, आणि त्यावरील एलजीए ११५० सॉकेटची वाट पुढे कोठेही जात नाही. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते, तर आय७-४७९० चौथ्या पिढीतला आहे. म्हणजे पैसे खर्चूनही तो प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

हाच प्रश्न एएमडीच्या एएम४ सॉकेटवर रायझन ५ १६०० वापरणाऱ्या कोणी विचारला असता, तर मी बिनदिक्कत ‘बदला’ असे सांगितले असते. तो प्रोसेसर २०१७ चा आहे. त्याच बोर्डावर २०२२ चा रायझन ५ ५६०० बसण्याची चांगली शक्यता असते. कोअर सहा आणि थ्रेड बाराच राहतात, ६५ वॅटची मर्यादाही तीच राहते. पण कमाल वेग ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झ होतो, एल३ कॅश १६ ची ३२ एमबी होते आणि अंतर्गत रचना दोन पिढ्यांहून अधिक पुढची असल्याने एकेका कोअरचे काम स्पष्टपणे वाढते. विंडोज ११ च्या यादीत १६०० नाही, ५६०० आहे. मात्र बोर्डाच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेली प्रोसेसरची यादी तपासावी आणि जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस (संगणक सुरू करून देणारी बोर्डावरील प्रणाली) अद्ययावत करावा. नंतर सुचले तर नव्या प्रोसेसरवर संगणक सुरूच होणार नाही. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, त्यामुळे वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपामुळे) कूलर उचलताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येऊ शकतो. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करावी, मग तो बंद करून कूलर हलकेच पिळत सोडवावा.

माझ्यापुरता निर्णय असा आहे: प्रोसेसर तोच ठेवायचा, रॅम १६ जीबी करायची आणि कूलर साफ करून थर्मल पेस्ट नवी लावायची, कारण तापल्यामुळे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करत असेल तर तो वेग नव्या खरेदीशिवाय परत मिळतो. पुढे बदल करायचा तो बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर असा तिन्हींचा एकदम. रॉ फायलींचे काम रोजचे झाले, तर ती वेळ लवकर येईल. एखाद्या मित्राने अडगळीतला आय७-४७९० तसाच देऊ केला तर मात्र मी नाही म्हणणार नाही. पण तो बसवण्याआधी बायोस तपासीन, कारण हा प्रोसेसर २०१४ चा आहे आणि एच८१ च्या सुरुवातीच्या बोर्डांना तो नव्या बायोसशिवाय ओळखता येत नाही.